रिसर्च पेपरमध्ये संदर्भ कसे द्यायचे, फॉरमॅटिंग कसं करायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला पेपर लिहिणाऱ्यांना जे प्रश्न पडतात तेच थोड्याफार फरकाने पाचवा पेपर लिहिणाऱ्यांनाही पडतात, म्हणून सगळे एका ठिकाणी घेतलेत. क्रमाने वाचायची गरज नाही, जिथे अडलंय तेवढंच शोधून वाचा. फक्त मूळ लेख न वाचता संदर्भ देण्याबद्दलचा प्रश्न मात्र सगळ्यांनी वाचा अशी मनापासून विनंती, कारण बाकीच्या बहुतेक चुका स्वल्पविरामाच्या असतात, ती मात्र खरेपणाची असते.

संदर्भ द्यायचे कशासाठी? मार्क कापू नयेत म्हणूनच ना?

मार्क कापतात हे खरंय, पण मुद्दा असा की तुमचं वाक्य वाचून वाचणाऱ्याला मूळ जागेपर्यंत जाता आलं पाहिजे. तुम्ही लिहिलं की झोप कमी पडली की लक्ष लागत नाही, आता हे कोणी सांगितलं, किती लोकांवर बघितलं, कोणत्या साली बघितलं, हे ज्याला तपासायचंय त्याला दोन मिनिटांत सापडायला हवं. स्वल्पविराम कुठे, इटॅलिक कुठे, हे सगळे नियम या एका सोयीसाठी आलेत. आणि अजून एक गोष्ट, संदर्भ नीट दिलेले असले की जिथे संदर्भ नाही ते तुमचं स्वतःचं म्हणणं आहे हे आपोआप कळतं, म्हणजे तुमच्या विचारांचं क्रेडिटही तुम्हालाच मिळतं.

एपीए, एमएलए, शिकागो, आयईईई... संदर्भ लिहायच्या या ठरलेल्या पद्धतींपैकी कोणती स्टाइल घेऊ?

तुमच्या डिपार्टमेंटने किंवा गाइडने सांगितलेली. काहीच सांगितलं नसेल तर आधी विचारा, दोन ओळींचा मेल टाकला तर नंतरचे चार तास वाचतात. विचारूनही "कोणतीही चालेल" असं उत्तर आलं तर तुमच्या विषयातले लोक जी वापरतात ती घ्या. सायकॉलॉजी, एज्युकेशन, सोशल सायन्स यात एपीए चालते, तिची सध्याची सातवी एडिशन २०१९ च्या ऑक्टोबरात आली. भाषा आणि साहित्यात एमएलए, तिची नववी एडिशन २०२१ ची. इतिहासात बहुतेक शिकागो, हिचं मॅन्युअल १९०६ पासून निघतंय आणि अठरावी एडिशन २०२४ मध्ये आली, शिकागोत परत दोन पद्धती आहेत, एक तळटीपांची आणि एक लेखक-वर्षाची, त्यामुळे "शिकागो वापरा" एवढंच सांगितलं असेल तर कोणती ते विचारून घ्या. इंजिनिअरिंगला आयईईई, मेडिकलला व्हँकुव्हर, या दोन्हींत मजकुरात फक्त नंबर येतो. हार्वर्ड म्हणतात ती लेखक-वर्षाची पद्धत आहे पण तिचं एकच असं अधिकृत मॅन्युअल नाही, प्रत्येक विद्यापीठाचं थोडं वेगळं असतं, म्हणून हार्वर्ड सांगितली असेल तर तुमच्याच संस्थेची नियमपुस्तिका शोधा, दुसऱ्या विद्यापीठाची उचलू नका.

एकदा ठरली की शेवटपर्यंत तीच. अर्धा पेपर एपीएत आणि अर्धा एमएलएत असेल तर ते लगेच दिसतं, आणि वेगवेगळ्या ठिकाणांहून संदर्भ कॉपी-पेस्ट केलेत हेही लगेच दिसतं.

मजकुरात कंसात दिलं की परत शेवटी यादी कशाला?

कारण दोघांचं काम वेगळं आहे. मजकुरातला छोटा संदर्भ म्हणजे खूण, शेवटची नोंद म्हणजे पूर्ण पत्ता. एपीएत खूण अशी दिसते (आडनाव, २०१८, पृ. ४५), एमएलएत वर्षच नाही आणि स्वल्पविरामही नाही, नुसतं (आडनाव ४५). वाचणारा ते आडनाव घेऊन शेवटच्या यादीत जातो आणि तिथे त्याला नाव, प्रकाशक, लिंक सगळं मिळतं. म्हणून नियम सोपा आहे, मजकुरात असलेलं प्रत्येक नाव यादीत हवं आणि यादीतलं प्रत्येक नाव मजकुरात कुठेतरी हवं. एपीएच्या यादीत वाचलेलं पण कुठेच न वापरलेलं पुस्तक टाकायचं नसतं. काही डिपार्टमेंटना वाचलेल्या सगळ्या पुस्तकांची यादी हवी असते, ती ग्रंथसूची, ती मागितली तरच द्या.

प्रत्येक वाक्याला संदर्भ लावायचा का?

नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतो, याला कोणी संदर्भ मागत नाही. आकडा आला, एखाद्या अभ्यासाचा निष्कर्ष आला, कोणाचं मत आलं, कोणी केलेली व्याख्या आली, किंवा वाचणारा "हे कशावरून?" असं विचारेल असं काही आलं की संदर्भ द्या. शंका आली तर द्या, जास्तीचा एक संदर्भ कोणाला त्रास देत नाही, न दिलेला देतो.

लोक नेमके अडतात ते पूर्ण पॅराग्राफ एकाच लेखावरून लिहिलेला असतो तेव्हा. अशा वेळी शेवटच्या वाक्याला एकदाच कंस लावून मोकळं होऊ नका, कारण वरची पाच वाक्यं कोणाची ते कळत नाही. पहिल्याच वाक्यात लेखकाचं नाव आणि संदर्भ द्या, मग पुढे "त्यांच्या मते", "याच अभ्यासात असंही दिसलं" असं लिहीत गेलात की दर वाक्याला कंस न लावताही धागा तुटत नाही.

मी स्वतःच्या शब्दांत लिहिलंय, मग संदर्भ कशाला?

शब्द तुमचे झाले, विचार अजून त्यांचाच आहे, म्हणून लागतो. आणि इथे अजून एक अडचण आहे ती जास्त मोठी आहे. बरेच जण "स्वतःच्या शब्दांत" म्हणजे मूळ वाक्य समोर ठेवून एकेक शब्द बदलतात, "महत्त्वाचा" च्या जागी "मोलाचा", "वाढ" च्या जागी "वृद्धी", वाक्याची रचना तशीच. संदर्भ दिला तरी हे चालत नाही, याला वाङ्मयचौर्यच धरतात, कारण वाक्य अजून त्यांचंच आहे आणि तुम्ही अवतरण चिन्हही दिलेलं नाही.

याच्यावर उपाय एकच आहे आणि तो खरंच काम करतो. तो भाग वाचा, पुस्तक बंद करा किंवा टॅब मिटवा, आणि समोर बसलेल्या मित्राला सांगताय असं तोंडी सांगून बघा की यात काय म्हटलंय. जे तोंडातून आलं ते लिहा. मग परत उघडून दोन गोष्टी तपासा, अर्थ बदलला तर नाही ना, आणि मूळ लेखकाचा एखादा खास शब्दप्रयोग तसाच आला असेल तर त्याला अवतरण चिन्ह द्या. सांगताच आलं नाही तर समजा की तो भाग अजून कळलेला नाही, तेव्हा परत वाचा, लिहायची घाई नको.

थेट अवतरण किती मोठं चालतं?

छोटं असेल तर ओळीतच अवतरण चिन्हात. एपीएत ४० किंवा जास्त शब्द झाले की वेगळा ब्लॉक करायचा, डावीकडे अर्धा इंच आत, आणि ब्लॉकला अवतरण चिन्ह लावायचं नाही. एमएलएत गद्य चार ओळींपेक्षा जास्त किंवा कविता तीन ओळींपेक्षा जास्त झाली की ब्लॉक. शिकागोत साधारण १०० शब्दांपासून.

पण मला विचाराल तर ब्लॉक शक्यतो टाळाच. साहित्याचा पेपर असेल, जिथे त्या ओळींचीच चर्चा करायचीय, तिथे ठीक आहे. बाकी ठिकाणी लांबलचक अवतरण म्हणजे लिहायचा कंटाळा आल्यासारखं दिसतं आणि वाचणारे ते सरळ सोडून पुढे जातात हेही खरंय.

अवतरणात काही वगळलं तर तीन टिंबं, स्वतःचा शब्द घातला तर चौकटी कंस. वगळताना "नाही", "फक्त", "कदाचित" असले शब्द गाळले जात नाहीत ना हे दोनदा बघा, एका शब्दाने लेखकाचं म्हणणं उलटं होऊ शकतं.

पान नंबर नेहमी हवा का?

थेट अवतरण असेल तर हवाच. स्वतःच्या शब्दांत असेल तर एपीएत सक्ती नाही पण मोठ्या पुस्तकातून घेतलं असेल तर द्या, ४०० पानांच्या पुस्तकात वाचणारा कुठे शोधणार? पान नंबरच नसेल, म्हणजे वेबपेज असेल तर सेक्शनचं हेडिंग किंवा पॅराग्राफचा नंबर द्या, व्हिडिओ किंवा ऑडिओ असेल तर किती मिनिट किती सेकंदाला ते.

मूळ लेख मिळाला नाही, पण दुसऱ्या पुस्तकात त्याचा उल्लेख आहे. मूळ लेखाचाच संदर्भ दिला तर चालेल का?

नाही चालणार, आणि हाच तो प्रश्न जो सगळ्यांनी वाचावा असं वर म्हटलं.

याचं एक खरं उदाहरण सांगतो. १९८० मध्ये एका नावाजलेल्या मेडिकल जर्नलमध्ये एक पत्र छापून आलं, फक्त पाच वाक्यांचं. हॉस्पिटलमध्ये ॲडमिट असलेल्या ज्या पेशंटना अफूपासून बनणारी वेदनाशामकं दिली गेली त्यांच्यात व्यसन लागल्याच्या केसेस फार कमी दिसल्या, एवढंच त्यात होतं. पुढे लोक या पत्राचा हवाला देत राहिले की ही औषधं घेऊन व्यसन लागणं दुर्मिळ आहे. २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये याची मोजणी छापून आली, तेव्हा या पत्राचा उल्लेख करणारे ६०८ लेख सापडले, त्यातल्या साधारण ७२ टक्के लेखांनी ते व्यसन दुर्मिळ असल्याचा पुरावा म्हणून वापरलं होतं आणि सुमारे ८१ टक्के लेखांनी हे पेशंट हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होते एवढंही सांगितलं नव्हतं. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्या माणसाबद्दल त्या पत्रात काहीच नव्हतं. पाच वाक्यं वाचायला एक मिनिट लागत नाही, तरी हे असं झालं, आणि अमेरिकेत पुढे या औषधांच्या व्यसनाचं जे संकट आलं त्याला हातभार लावणाऱ्या गोष्टींत हे पत्रही धरलं जातं.

म्हणून जे वाचलंय त्याचाच संदर्भ द्या. मूळ मिळत असेल तर मिळवा, लायब्ररीत विचारा, लेखकाला मेल करा, बरेच लेखक आनंदाने कॉपी पाठवतात. नाहीच मिळालं तर खरं तेच लिहा: मूळ लेखकाचं नाव वाक्यात, आणि कंसात "अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे" म्हणून तुम्ही वाचलेल्या पुस्तकाचं नाव-वर्ष. एपीएत शेवटच्या यादीत फक्त तुम्ही वाचलेलं पुस्तक येतं, मूळ लेख येत नाही. यात कमीपणा काही नाही, उलट गाइडला कळतं की पोरगं प्रामाणिक आहे.

तीन-चार लेखक असतील तर सगळ्यांची नावं लिहायची?

एपीएच्या सातव्या एडिशनमध्ये मजकुरात दोघांपर्यंत दोन्ही नावं, तीन किंवा जास्त असले की पहिल्यापासूनच पहिलं आडनाव आणि "व इतर". यादीत मात्र २० लेखकांपर्यंत सगळी नावं द्यावी लागतात, २१ किंवा जास्त असतील तर पहिली १९, मग तीन टिंबं, मग शेवटचं नाव. एमएलए यात साधी आहे, तीन किंवा जास्त असले की यादीतही पहिलं नाव आणि "व इतर". नावांचा क्रम लेखावर छापलाय तोच ठेवा, अकारविल्हे लावू नका, कोण आधी कोण नंतर यालाही अर्थ असतो.

एकाच लेखकाचे एकाच वर्षातले दोन लेख असतील तर वर्षाला ए, बी जोडतात, मराठी पेपरात अ, ब.

लेखकाचं नावच नाहीये. तारीखही नाहीये.

आधी नीट शोधा, पानाच्या तळाशी, "आमच्याबद्दल" मध्ये. व्यक्तीचं नाव नसलं तरी संस्था असते, मग संस्थाच लेखक. तीही नसेल तर लेखाचं शीर्षक पुढे येतं आणि मजकुरातल्या कंसात त्या शीर्षकाचे पहिले काही शब्द. "अज्ञात" असं स्वतःहून लिहू नका, त्या लेखावर तसं छापलं असेल तरच. तारीख नसेल तर एपीएत वर्षाच्या जागी "तारीख नाही" याची खूण येते. पानाच्या तळाशी कॉपीराइटचं जे वर्ष असतं ते बऱ्याचदा सगळ्या साइटचं असतं, त्या लेखाचं नाही, ते उचलू नका.

आणि लेखक नाही, तारीख नाही, संस्थाही कळत नाही, तर मग या पानावर विश्वास का ठेवायचा हाही प्रश्न विचारा. बरेचदा उत्तर असं येतं की दुसरा स्रोत शोधावा.

डीओआय म्हणजे काय, आणि लिंक असताना तो कशाला?

प्रत्येक लेखाला दिलेला कायमचा नंबर, नेहमी १० ने सुरू होतो, पुढे टिंब, काही आकडे आणि मग तिरपी रेघ. जर्नलची वेबसाइट बदलली, प्रकाशक बदलला, तरी डीओआयवरून लेख सापडतो, साधी लिंक मात्र दोन वर्षांत मरू शकते. म्हणून डीओआय असेल तर तोच द्या, एपीएत तो पूर्ण लिंकच्या रूपात लिहायचा आणि शेवटी पूर्णविराम द्यायचा नाही, नाहीतर कॉपी करताना तोही सोबत जातो आणि लिंक उघडत नाही. डीओआय माहीत नसेल तर क्रॉसरेफच्या साइटवर लेखाचं शीर्षक टाका, फुकट आहे, सापडतो.

साध्या वेबपेजसाठी लिंक द्या. लायब्ररीच्या लॉगिनमधून उघडलेली लांबलचक लिंक देऊ नका, ती दुसऱ्या कोणाकडे उघडणारच नाही. एपीएत "अमुक तारखेला पाहिलं" हे फक्त सतत बदलणाऱ्या पानांसाठी लागतं. पान उडून जाईल अशी भीती असेल तर वेबॅक मशीनवर (वेबपेजच्या प्रती जपून ठेवणारी साइट) सेव्ह करून ती लिंक ठेवा.

विकिपीडिया चालेल का?

सुरुवात करायला उत्तम, संदर्भ म्हणून बहुतेक ठिकाणी चालत नाही. लेखाच्या तळाशी जे स्रोत दिलेत तिथे जा, ते उघडा, वाचा, आणि मग त्यांचा संदर्भ द्या. न उघडता तिथली यादी कॉपी करणं म्हणजे वरच्या पत्राचीच गोष्ट परत. विकिपीडियावरच पेपर असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा "इतिहास" टॅबमधून तुम्ही वाचलेल्या आवृत्तीची कायमची लिंक घ्या.

एआयने संदर्भ दिले तर वापरू का?

एकेक तपासल्याशिवाय अजिबात नाही. चॅटबॉट अस्तित्वात नसलेले संदर्भ इतके छान बनवतात की बघून शंका येत नाही, लेखक खरे, जर्नल खरं, शीर्षक अगदी त्याच विषयातलं वाटणारं, आणि असा लेख कधी छापूनच आलेला नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या फेडरल कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निकाल न तपासता अर्जात टाकले, ते निकाल कुठेच नव्हते, आणि कोर्टाने त्यांना ५,००० डॉलरचा दंड केला.

तपासायचं कसं? डीओआय टाकून तोच लेख उघडतो का बघा, फक्त "काहीतरी उघडलं" एवढं पुरेसं नाही, कधीकधी खोट्या संदर्भाला दुसऱ्याच लेखाचा खरा डीओआय चिकटलेला असतो. डीओआय नसेल तर जर्नलच्या साइटवर त्या वर्षाचा अंक उघडून अनुक्रमणिका बघा.

एआयचं उत्तरच पेपरात वापरलं असेल तर आधी तुमच्या संस्थेचा नियम वाचा, काही ठिकाणी सरळ मनाई आहे. परवानगी असेल तर एपीएत टूल बनवणारी कंपनी लेखकाच्या जागी येते, एमएलए एआयला लेखक मानत नाही, तुम्ही काय विचारलंत ते शीर्षकाच्या जागी देते.

झोटेरो, मेंडेली वगैरे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरावं का, की हाताने करावं?

दहा-बाराच्या वर संदर्भ असतील तर नक्की वापरा. झोटेरो फुकट आणि ओपन सोर्स आहे, २००६ पासून आहे, मी तेच सुचवतो. ब्राउझरमधलं बटण दाबलं की लेख सेव्ह, वर्डमध्ये क्लिक केलं की संदर्भ, स्टाइल बदलायची असेल तर एका क्लिकमध्ये सगळी यादी बदलते. अजून एक मोठा फायदा, एखादा लेख नंतर जर्नलने मागे घेतला असेल तर झोटेरो लाल पट्टी दाखवतं. हे साधं नाही, लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा १९९८ चा लेख जर्नलने २०१० मध्ये मागे घेतला, म्हणजे मधली बारा वर्षं तो मागे घेतलेला नव्हता आणि जुन्या यादीतून कॉपी करणाऱ्याला हे कळणारच नाही.

पण टूलवर आंधळा भरवसा नको. जे आत गेलं तेच बाहेर येतं. शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये आलेलं असतं, लेखकाच्या जागी "ॲडमिन" असतं, पान नंबर गायब असतात. संस्थेचं नाव दोन रकान्यांत तुटून आलं तर वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशनचं "ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच." होतं, हे तर कितीतरी पेपरांत दिसतं, झोटेरोत नावाचा एकच रकाना करायची सोय आहे ती वापरा. इंग्रजी शीर्षकं सेव्ह करताना फक्त पहिलं अक्षर कॅपिटल ठेवा, त्यावरून प्रत्येक शब्द कॅपिटलने सुरू करायची पद्धत टूलला आपोआप करता येते, उलटं नीट होत नाही. गूगल स्कॉलरच्या "साइट" (Cite) बटणावरून येणाऱ्या नोंदीही अशाच तपासून घ्या.

एका मोठ्या प्रकाशकाच्या टेम्प्लेटमध्ये संदर्भ कसा लिहावा हे दाखवायला एक काल्पनिक लेख दिला होता, तो पुढे शेकडो खऱ्या लेखांच्या संदर्भसूचीत सापडला, कारण नमुन्याची ओळ पुसायची राहिली आणि कोणी यादी वाचलीच नाही. यादी वाचा, एकदा तरी, वरपासून खालपर्यंत.

मराठी पुस्तकाचा संदर्भ कसा द्यायचा?

पेपर मराठीत असेल तर प्रश्न नाही, सगळं मराठीत. डॉ., प्रा., पदव्या काढून टाका, आडनाव आधी, मग आद्याक्षरं किंवा नाव. टोपणनावाने पुस्तक आलं असेल तर पुस्तकावर छापलंय तेच नाव. मराठी आणि इंग्रजी संदर्भ एकत्र असतील तर बरेच जण दोन वेगळ्या याद्या करतात, मराठीची वर्णक्रमाने आणि इंग्रजीची अल्फाबेटिकल, तुमच्याकडे काय चालतं ते विचारा.

पेपर इंग्रजीत असेल तर एपीएत नाव रोमन लिपीत लिहून पुढे चौकटी कंसात शीर्षकाचं इंग्रजी भाषांतर देतात. रोमनमध्ये लिहिताना एकच पद्धत ठेवा, एकाच लेखकाचं नाव दोन ठिकाणी दोन स्पेलिंगने आलं तर वाचणाऱ्याला ती दोन माणसं वाटतात. भाषांतरित पुस्तक वाचलं असेल तर भाषांतरकाराचं नाव द्यायला विसरू नका, तुम्ही वाचलेले शब्द त्यांचे आहेत.

जुन्या पुस्तकांवर कधी फक्त शके असतो. त्यात ७८ मिळवा, शके १८५० म्हणजे १९२८, वर्षाचे शेवटचे तीनेक महिने मात्र पुढच्या सालात जातात, म्हणून नोंदीत शके आणि इसवी सन दोन्ही दिलेलं बरं. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यात गोंधळ होतो, तुमच्या हातात जी आवृत्ती आहे तिचं वर्ष लिहा, कारण पान नंबर तिचेच आहेत.

तळटीपेत "तत्रैव" (म्हणजे आधीच्या तळटीपेतलाच स्रोत) लिहिलं तर चालेल?

तुमच्या डिपार्टमेंटची पद्धत असेल तर चालेल. पण लिहिताना सावध राहा, मध्ये एक नवी तळटीप घुसली की खालचं "तत्रैव" भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतं आणि तुमच्या लक्षातही येत नाही. शिकागोनेही २०१७ च्या सतराव्या एडिशनपासून याऐवजी लेखकाचं आडनाव, छोटं शीर्षक आणि पान असा थोडक्यात संदर्भ सुचवलाय. मीही तेच सांगेन, निदान पेपर पूर्ण होईपर्यंत तरी.

मुलाखत घेतली, सरांच्या लेक्चरमध्ये ऐकलं, ते कसं द्यायचं?

वाचणाऱ्याला जे मिळवताच येणार नाही, म्हणजे फोनवरचं बोलणं, मेल, वर्गातलं लेक्चर, ते एपीएत फक्त मजकुरात येतं, नाव, "वैयक्तिक संवाद" आणि तारीख, यादीत नाही. एमएलएत मुलाखत यादीत येते. ज्याचं नाव छापताय त्याची परवानगी आधी घ्या.

फॉन्ट, मार्जिन, स्पेसिंग काय ठेवू?

एपीएत सगळीकडे एक इंच मार्जिन, डबल स्पेसिंग, फॉन्ट टाइम्स न्यू रोमन १२, कॅलिब्री ११, एरियल ११ असे काही चालतात. विद्यार्थ्यांच्या पेपरला पानाच्या डोक्यावर छोटं शीर्षक आता लागत नाही, फक्त पान नंबर. एमएलएत वेगळं टायटल पेज शक्यतो नसतं, पहिल्याच पानावर डावीकडे नाव, शिक्षकांचं नाव, कोर्स, तारीख, आणि वर उजवीकडे आडनाव आणि पान नंबर. मराठीत टाइप करत असाल तर युनिकोड फॉन्टच घ्या, जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की नुसती चिन्हं दिसतात.

यादीतल्या नोंदींना हँगिंग इंडेंट लागतो, पहिली ओळ डावीकडे आणि पुढच्या अर्धा इंच आत, म्हणजे नजर नुसती आडनावांवरून खाली फिरवता येते. हा स्पेस बार दाबून करू नका, एक शब्द बदलला की सगळं विस्कटतं. वर्डमध्ये यादी सिलेक्ट करून कंट्रोल टी. नवीन पान हवं असेल तर दहा वेळा एंटर मारण्याऐवजी कंट्रोल एंटर. हेडिंगला नुसतं बोल्ड करण्याऐवजी हेडिंगची स्टाइल लावा, अनुक्रमणिका आपोआप तयार होते.

तक्ते आणि आकृत्या?

एपीएत दोन्हींचा नंबर आणि शीर्षक वर, टीप खाली. एमएलए आणि आयईईईत तक्त्याचं वर, आकृतीचं खाली. दुसऱ्याची आकृती घेतली तर तिच्याखाली स्रोत, बदल केले असतील तर "यावर आधारित". आणि मजकुरात तिचा उल्लेख हवा, "तक्ता २ बघा" असं कुठेच नसेल तर तो तक्ता तिथे कशाला आहे हे कोणाला कळत नाही.

मजकूर इतर लेखांशी जुळवून बघणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सिमिलॅरिटी २२ टक्के आली, आता काय?

आधी रिपोर्ट उघडा, नुसत्या आकड्याने काही ठरत नाही. सॉफ्टवेअर जुळणारे शब्द मोजतं, चोरी ओळखत नाही. त्यात संदर्भसूची, अवतरणं, पद्धतीचं ठरलेलं वर्णन हे सगळं येऊ शकतं. वीस टक्के इथेतिथे विखुरलेले असतील तर बहुतेक काळजी नसते, आणि आठच टक्के असले पण सगळे एकाच लेखातून सलग उचललेले असतील तर ती मोठी अडचण आहे. आकडा खाली आणायला शब्द बदलत बसू नका, जिथे जुळलंय तो भाग परत वाचा आणि वर सांगितलं तसं पुस्तक मिटून लिहा.

माझाच जुना पेपर परत वापरला तर?

शिक्षकांना आधी सांगा आणि त्याचा संदर्भ द्या. न सांगता तोच मजकूर दोन कोर्सना देणं बहुतेक संस्थांत नियमाविरुद्ध आहे.

किती संदर्भ हवेत?

शिक्षकांनी सांगितलेत तेवढे. नसेल सांगितलं तर आकडा धरून चालू नका. न वाचलेल्या तीस नोंदींपेक्षा नीट वाचलेल्या बारा बऱ्या.

मॅन्युअल एक सांगतंय आणि शिक्षक दुसरं. कोणाचं ऐकू?

शिक्षकांचं, पेपर तेच तपासणार आहेत. फक्त ते कोणत्या एडिशनबद्दल बोलताहेत ते विचारून घ्या, बरेच गोंधळ जुन्या एडिशनमुळे होतात, जसं एपीएत प्रकाशकाचं शहर आधी लागायचं, सातव्या एडिशनपासून लागत नाही.

सबमिशनला एकच तास उरलाय, आधी काय बघू?

आधी अवतरणं. दुसऱ्याचे शब्द जिथे जसेच्या तसे आहेत तिथे चिन्ह आणि पान नंबर आहे ना. मग मजकुरातलं एकेक आडनाव सर्चमध्ये टाकून ते यादीत आहे का बघा, वर्ष दोन्हीकडे तेच आहे का तेही बघा. मग लिंक उघडून बघा. इटॅलिक, स्वल्पविराम, स्पेसिंग हे सगळं त्यानंतर, वेळ उरला तर.